नोड पडला तरी हिशेब चालू

नवा महासंगणक आला की बातमीत एकच आकडा असतो: किती पेटाफ्लॉप. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या ‘अर्क’चं लोकार्पण झालं, तेव्हा ११.७७ पेटाफ्लॉप हा आकडा सगळीकडे छापून आला. त्याच दिवशी नोएडाच्या ‘अरुणिका’चा ८.२४ आला. एकावर पंधरा शून्यं म्हणजे एक पेटा. सेकंदाला तितक्या बेरजा-गुणाकार. आकडा खरा आहे, पण अपुरा आहे. हे यंत्र सलग किती तास न अडखळता चालतं, हे कुणी विचारत नाही आणि बातमीत ते येतही नाही.

विचारायला हवं, कारण हिशेब अगदी साधा आहे. समजा एक नोड, म्हणजे महासंगणकातला एक स्वतंत्र संगणक, सरासरी पंचवीस वर्षांतून एकदाच बंद पडतो. घरातल्या मिक्सरकडूनही आपण इतक्या आयुष्याची अपेक्षा ठेवत नाही. पंचवीस वर्षं म्हणजे २,१९,००० तास. असे दहा हजार नोड एकत्र जोडले की त्यांतला कुठला ना कुठला दर बावीस तासांनी पडणारच. आणि ते सगळे एकाच गणितावर राबत असतील, तर एक पडला की उरलेले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव त्याच्या उत्तराची वाट बघत खोळंबतात. इलिनॉय विद्यापीठातल्या ‘ब्लू वॉटर्स’ या महासंगणकाच्या नोंदी अभ्यासकांनी २०१४ मध्ये तपासल्या. यंत्रात कुठे ना कुठे सरासरी दर ४.२ तासांनी बिघाड होत होता, आणि अख्खं यंत्र बसण्याची वेळ साधारण १६० तासांनी येत होती. २०२२ मध्ये एक्झाफ्लॉपचा टप्पा ओलांडणाऱ्या अमेरिकेतल्या ‘फ्रंटियर’मध्ये सुमारे सहा कोटी सुटे भाग आहेत. तिथेही दोन बिघाडांमधलं अंतर तासांतच मोजावं लागतं.

म्हणजे आजचं बरंचसं गणनाधारित विज्ञान सतत कुठेतरी मोडत असलेल्या यंत्रांवर चाललं आहे, आणि ते चालतं ते बिघाड गृहीत धरून लिहिलेल्या सॉफ्टवेअरमुळे. कोणत्या शास्त्राने हे कसं निभावलं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यांना लागू पडेल असं बिघाड सोसणारं सॉफ्टवेअर कुणालाही बनवता आलेलं नाही. आपल्याला नेमकं किती आणि कुठलं नुकसान परवडतं, हे ज्या शास्त्रांनी स्वतः ठरवलं, त्यांचं निभावलं. ज्यांनी ते यंत्र सांभाळणाऱ्यांवर सोडलं, त्यांचे यंत्रावरचे तास वाया गेले.

मराठी मुलखाला हा विषय परका नाही. पुण्यात गणेशखिंडीपासून पाषाणपर्यंतच्या काही किलोमीटरांत सी-डॅक, आयुका, एनसीआरए, आयसर आणि हवामान संस्था अशी रांगच आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सी-डॅकची सुरुवात झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच सुमारास तिकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ बांधायला घेतला. परमच्या त्या यंत्रात ट्रान्सप्युटर नावाचे ६४ प्रोसेसर होते. प्रत्येक ट्रान्सप्युटर पाच वर्षांतून एकदा बिघडतो असं धरलं, तरी चौसष्टांमध्ये एक बिघाड साधारण अठ्ठावीस दिवसांनी यायचा. तोवर जॉब संपून निकाल कागदावर आलेला असे. त्या पिढीला गतीची चिंता होती, टिकण्याची नव्हती, आणि त्यात त्यांची काही चूकही नव्हती. पण त्या काळात पडलेल्या सवयी पुढच्या तीस वर्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुरल्या, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

एमपीआयचंच बघा. नोडांनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे, याचं हे प्रमाण १९९४ मध्ये ठरलं, आणि आज जगातल्या बहुतेक वैज्ञानिक प्रोग्रॅमांचा पाया तेच आहे. त्याचा मूळ स्वभाव असा की एक प्रक्रिया मेली की सगळा जॉब मारून टाकायचा. चौसष्ट नोडांच्या काळात हे शहाणपणाचंच होतं: अर्धवट चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. चाळीस हजार प्रक्रियांच्या काळात मात्र हा स्वभाव महागात पडू लागला. टेनेसी विद्यापीठात ग्रॅहम फॅग आणि जॅक डोंगारा यांनी २००० च्या सुमारास बिघाड सोसणारं एमपीआय करून दाखवलं. पुढे त्याच परंपरेतून यूएलएफएम नावाची जोडणी आली. तिच्यात प्रोग्रॅमला कळवलं जातं की अमुक सोबती गेला आहे. उरलेल्यांना घेऊन नवा गट बांधायचा की थांबायचं, हे प्रोग्रॅमने ठरवायचं. तरीही २०२१ च्या एमपीआय ४.० या प्रमाणात तिला पूर्ण जागा मिळाली नाही. ओपन एमपीआयच्या पाचव्या आवृत्तीत ती आली आहे, पण वापरणारे थोडे. कारण उघड आहे. सोबती गेल्याचं कळलं, तरी त्याच्याकडचे आकडे कुठून आणायचे?

म्हणून अजूनही सगळ्यांचा भरवसा जुन्या उपायावर आहे: चेकपॉइंट. मधूनमधून थांबायचं, गणिताची त्या क्षणाची सगळी स्थिती डिस्कवर लिहून ठेवायची, जॉब उडाला की शेवटच्या नोंदीपासून रीस्टार्ट. आपल्याकडच्या क्लस्टरांवर काम करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची रीस्टार्ट फाइलशी पहिली ओळख बिघाडातून होतच नाही, ती वॉलटाइममुळे होते. क्यूमध्ये दोन-चार दिवसांची मर्यादा असते, ती संपली की जॉब आपोआप मारला जातो, आणि प्रबंधाचं गणित तर दोन महिन्यांचं असतं. ही सक्ती एका परीने चांगलीच झाली. त्या निमित्ताने आपल्या प्रोग्रॅममधलं काय जपायचं आणि काय पुन्हा काढता येतं, याचा विचार निदान एकदा तरी होतो.

चेकपॉइंट किती वेळाने घ्यायचा? जॉन यंग यांनी १९७४ मध्ये दिलेलं सूत्र अजून चालतं. जॉन डेली यांनी २००६ मध्ये ते अधिक नेमकं केलं. नोंद लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट घ्यायची आणि वर्गमूळ काढायचं. नोंदीला पाच मिनिटं लागतात आणि यंत्र दिवसातून एकदा बिघडतं, तर दोन तासांनी एक चेकपॉइंट. यंत्र सहा तासांनी बिघडत असेल, तर तासाला एक. या दुसऱ्या यंत्रावर तासातली पाच मिनिटं लिहिण्यात जातात, म्हणजे आठ टक्के. शिवाय दर सहा तासांत सरासरी अर्ध्या तासाचं काम पुन्हा करावं लागतं, तेही आठ टक्के. यंगच्या सूत्राची गंमत इथे आहे: हे दोन्ही खर्च जिथे सारखे होतात तिथेच सगळ्यांत कमी नुकसान असतं. आता हेच यंत्र दीड तासाला बिघडू लागलं, तर अर्ध्या तासाला एक नोंद, आणि यंत्राचा एक तृतीयांश वेळ निव्वळ सावधगिरीत गेला. कागदावरचे शंभर पेटाफ्लॉप प्रत्यक्षात सहासष्ट उरले. बातमीत आकडा छापायचाच तर हा छापावा.

या खर्चात काटकसर करण्यावर गेली वीस वर्षं बरंच काम झालं. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या एससीआर या ग्रंथालयाची युक्ती अशी की प्रत्येक नोंद दूरच्या डिस्कपर्यंत न्यायचीच नाही. बऱ्याच नोंदी नोडच्या स्वतःच्या स्मृतीत किंवा शेजारच्या नोडवर ठेवायच्या, आणि क्वचित एखादी मुख्य साठ्यात पोचवायची. एक-दोन नोड पडणं हेच बहुतेक वेळा घडतं, आणि तेवढ्याला शेजाऱ्याकडची प्रत पुरते. डीएमटीसीपीसारखी साधनं तर प्रोग्रॅमला हातही न लावता बाहेरून सगळी स्थिती टिपतात. ज्याच्या प्रोग्रॅमचा मूळ लेखक कधीच नोकरी सोडून गेला आहे, त्याला हे वरदानच. पण बाहेरून टिपणाऱ्याला गरजेचं काय आणि फालतू काय हे कळत नाही, तो सगळंच लिहून ठेवतो. हवामानाच्या मॉडेलला पुढे जायला वारा, तापमान, बाष्प, दाब असे मोजके त्रिमित तक्ते लागतात. बाकीचं तर त्यातून पुन्हा काढता येतं, आणि हे मॉडेल लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

या सगळ्या धडपडीत मला सर्वांत आवडलेलं उत्तर इलिनॉयचे लक्ष्मीकांत काळे यांचं आहे. काळे आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारले तर टवकारू देत, मुद्दा त्यांच्या कल्पनेचा आहे. बनारस, मग बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मग अमेरिका असा त्यांचा प्रवास. १९८५ पासून ते इलिनॉयला आहेत. चार्म प्लस प्लस ही त्यांच्या गटाची प्रणाली. नेहमीच्या पद्धतीत प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो, हजार नोड आहेत, कामाचे हजार तुकडे करतो आणि एकेकाला एकेक देतो. काळे म्हणाले, नोड किती आहेत हे विसरा. कामाचे दहा-वीस हजार तुकडे करा, आणि कुठला तुकडा कुठे चालेल हे धावत्या प्रणालीला ठरवू द्या. मूळ हेतू भार समान वाटण्याचा होता: एका नोडवर काम साचलं की त्यातले काही तुकडे उचलून दुसरीकडे न्यायचे. पण जो तुकडा भार हलका करायला हलवता येतो, तो बिघाड टाळायलाही हलवता येतो. नोड तापतोय, स्मृतीच्या चुका वाढताहेत अशी चाहूल लागली की त्यावरचे तुकडे आधीच दुसरीकडे. अचानक पडला, तर प्रत्येक तुकड्याची एक प्रत सोबत्याच्या स्मृतीत ठेवलेली असतेच, तिथून तो उठवायचा. डिस्कचं तोंडही बघायला नको.

ही प्रणाली नुसती प्रयोगशाळेत राहिली नाही, ती एका शास्त्राच्या पोटात शिरली. भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांच्याबरोबर काळे यांच्या गटाने नॅमडी हा रेणूंच्या हालचाली मोजणारा प्रोग्रॅम चार्मवर उभा केला. २००२ मध्ये त्याला गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये दोघांना मिळून सिडनी फर्नबाख पुरस्कार. २०१३ मध्ये एड्सच्या विषाणूच्या कवचाची अणूअणूची रचना मांडली गेली तेव्हा सहा कोटी चाळीस लाख अणूंचं गणित नॅमडीने केलं, तेही दर ४.२ तासांनी कुठेतरी बिघडणाऱ्या त्याच ब्लू वॉटर्सवर. रेणूंचं गणित या बाबतीत सोशिक आहे. एका पावलात काळ एक-दोन फेम्टोसेकंद पुढे सरकतो, शेवटची हजार पावलं पुन्हा टाकावी लागली तरी शास्त्रज्ञाचं काही बिघडत नाही. विषाणू कुठे पळून जात नाही.

पाऊस मात्र थांबत नाही. हवामानाच्या अंदाजाला घड्याळ आहे, आणि म्हणून बिघाडाचा प्रश्न तिथे वेगळाच होतो. पहाटे साडेपाचला जगभरच्या निरीक्षणांवर सुरू झालेली धाव दुपारी पूर्ण झाली तर तिचा उपयोग. तीच रात्री पूर्ण झाली तर ती निव्वळ इतिहास. इथे चेकपॉइंटवरून मागे जाऊन तीन तास पुन्हा मोजणं म्हणजे अंदाज बुडवणंच. जगातल्या हवामान केंद्रांनी म्हणूनच यंत्र दुप्पट ठेवण्याचा खर्चिक मार्ग घेतला. युरोपीय केंद्राने बोलोन्यात एकाच यंत्राचे अनेक स्वतंत्र भाग वेगवेगळ्या दालनांत ठेवले आहेत. आपल्याकडे २०१८ पासून पुण्यात चार पेटाफ्लॉपचा ‘प्रत्यूष’ आणि नोएडात २.८ चा ‘मिहिर’ अशी जोडी होती, आता अर्क आणि अरुणिका आहेत. दोन ठिकाणं असण्याची कारणं प्रशासकीयही आहेत, पण एक बसलं तर दुसरं आहे हा फायदा खराच.

यापेक्षा हुशारीचा उपाय शास्त्राच्या पोटातून आला. जून २०१८ मध्ये पुण्याच्या संस्थेने बारा किलोमीटरच्या जाळीचा एकवीस सदस्यांचा समूह-अंदाज सुरू केला. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल एकवीस वेळा चालवायचं आणि उत्तरांचा पसारा पाहून शक्यता सांगायची. हे बिघाडासाठी केलेलं नाही; वातावरणातली अनिश्चितता मोजायला केलं आहे. पण रात्री एका सदस्याचा जॉब उडाला तर उरलेले वीस तेच काम जवळपास तितकंच चांगलं करतात. मेलेल्या सदस्याला उठवत बसायची गरज नाही, मुदत सांभाळली जाते. चंदगडसाठी अतिवृष्टीची शक्यता सत्तर टक्क्यांऐवजी अडुसष्ट निघाली, तर तलाठ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या निर्णयात तसूभर फरक पडत नाही. विज्ञानाने स्वतःच्या प्रश्नाची मांडणी बदलली आणि बिघाड आपोआप पचला, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

चंदगडचं नाव सहज घेतलेलं नाही. सह्याद्रीच्या कड्यावर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला बेळगावात तेराशेच्या आसपास. मधलं हवाई अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि त्या उतारावर आमचा तालुका. पश्चिमेची गावं पावसात बुडालेली असतात तेव्हा पूर्वेकडे लोक छत्री मिटून चालत असतात. बारा किलोमीटरच्या जाळीत हा सगळा उतार चार-साडेचार चौकटींत बसवावा लागतो. २६ मे २०२५ ला जाहीर झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची जाळी सहा किलोमीटरची आहे, तिथे नऊ चौकटी मिळतात. जाळी निम्मी केली की आडव्या चौकटी चौपट होतात, काळाची पावलंही लहान करावी लागतात, म्हणजे काम आठपट. काम आठपट म्हणजे नोड जास्त, नोड जास्त म्हणजे बिघाड जास्त. घाटातला पाऊस नीट दिसावा म्हणून जितकं बारकाईने बघायला जावं, तितकं यंत्र मोडकं होत जातं. घाटावर पडलेलं पाणी ताम्रपर्णीतून कोवाडला यायला काही तासच लागतात. रणजित देसाईंच्या या गावाची बाजारपेठ २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेली. पुढे ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते आणि ते पाणी हिडकलच्या धरणात, म्हणजे कर्नाटकात जातं. कोवाडच्या दुकानदाराला माल वरच्या माळ्यावर चढवायला जे पाच-सहा तास हवे असतात, ते अंदाज वेळेवर निघाला तरच मिळतात.

आणि नोड पडण्यापेक्षा जास्त वेळा जे पडतं ते दुसऱ्या टोकाला असतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, मोबाइलचा टॉवर जातो, आणि मग स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडाही येत नाही. सुदैवाने निरीक्षणं मॉडेलमध्ये मिसळणारं सॉफ्टवेअर या बाबतीत फार सोशिक आहे. आकडा आला नाही तर ते मागच्या अंदाजावर आणि शेजारच्या आकड्यांवर भागवतं; आलेला आकडा विचित्र असेल तर त्याला बाजूला काढतं. धोका इतकाच की घाटात खरोखरच विचित्र पाऊस पडतो. खरा आकडा चुकीचा समजून फेकला जाण्याची भीती जगात जिथे सर्वांत जास्त असेल, त्यांत आमचा पट्टा नक्की येईल.

हवामानाच्या आणि रीस्टार्टच्या नात्यात एक जुनी गोष्ट दडलेली आहे. १९६१ मध्ये एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ यांना एक धाव मधूनच पुन्हा सुरू करायची होती. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होतं, छापील कागदावर जागेअभावी ०.५०६ आलं होतं. त्यांनी कागदावरचा आकडा भरला. थोड्याच वेळात दोन धावांची हवामानं एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी झाली. केऑसच्या सिद्धांताचा उगम म्हणून हे सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर हा अंक छाटलेल्या चेकपॉइंटचा पहिला प्रसिद्ध अपघात आहे. आज चेकपॉइंट लहान व्हावा म्हणून मुद्दाम अंक छाटणारी साधनं वापरली जातात, आणि प्रत्येक वेळी लॉरेन्झचाच प्रश्न विचारावा लागतो: छाटलेला अंक माझ्या उत्तराला पेलतो का? एका धावेला तो पेलत नाही. एकवीस धावांच्या समूहाला पेलतो. युरोपीय केंद्राने तर २०२१ मध्ये अंदाजाच्या धावाच निम्म्या अंकांवर आणल्या आणि वाचलेला वेळ समूह-अंदाजाचे उभे थर वाढवायला वापरला.

दुर्बिणीचं दुखणं याच्या उलट आहे. जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत. त्यांचे संकेत दोन-दोन करून एकमेकांशी ताडले जातात: ४३५ जोड्या, सगळ्या त्याच क्षणी. इथे चेकपॉइंट या शब्दाला अर्थच नाही. आकाश मागे नेऊन पुन्हा लावता येत नाही, आणि काही मिलिसेकंदांचा रेडिओ-स्फोट हुकला तर हुकला. म्हणून तिथलं सॉफ्टवेअर थांबत नाही, नुकसानीची नोंद करून पुढे जातं. एक तबकडी बंद असेल तर ४०६ जोड्या उरतात. चित्र किंचित अंधुक होतं, पण होतं. संकेतांची काही पाकिटं वाटेत हरवली तर तेवढ्या जागेवर खूण करायची आणि पुढचं घ्यायचं. २०२४ मध्ये अर्कबरोबरच जीएमआरटीसाठी ‘परम रुद्र’ आला, त्याच्याकडून अपेक्षा आहे ती अशाच क्षणिक रेडिओ-स्फोटांच्या शोधाची.

गुरुत्वीय लहरींच्या शोधात बिघाडाने फारसं छळलं नाही. आयुकाचे संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये मांडलेली कल्पना अशी की येणाऱ्या लहरीचे हजारो संभाव्य नमुने आधीच तयार ठेवायचे आणि प्रत्येक नमुना नोंदींशी ताडून पाहायचा. हे हजारो ताळे एकमेकांवर अवलंबून नाहीत. एक नोड पडला तर त्याचे नमुने दुसऱ्याला द्यायचे, संपलं. विस्कॉन्सिनमध्ये १९८८ पासून वाढत गेलेलं कॉन्डोर नावाचं सॉफ्टवेअर हे काम बिनबोभाट करतं. याच जातीचा टोकाचा नमुना म्हणजे फोल्डिंग ॲट होम: लोकांच्या घरच्या संगणकांवर प्रथिनांचं गणित. कोण कधी संगणक बंद करेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला मुदत, आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर तोच तुकडा दुसऱ्याकडे. कोविडच्या पहिल्या लाटेत, मार्च २०२० मध्ये, या विखुरलेल्या जाळ्याने एक्झाफ्लॉपचा टप्पा ओलांडला, फ्रंटियरच्या दोन वर्षं आधी.

आतापर्यंत बोललो ते आवाज करून होणाऱ्या बिघाडांबद्दल. नोड पडला, कळलं, उपाय केला. खरी झोप उडवतात ते न बोलणारे. २००३ मध्ये व्हर्जिनिया टेकने ११०० मॅक संगणक जोडून जगातला तिसऱ्या क्रमांकाचा महासंगणक उभा केला, पण त्यांच्या स्मृतीत चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती. अंतराळातून येणाऱ्या कणांनी कुठेतरी शून्याचा एक होई आणि यंत्र धड चालेना. शेवटी सगळे संगणक बदलावे लागले. लॉस अलामोसच्या ‘क्यू’ या यंत्रालाही या कणांनी छळलं, आणि ते तर २२०० मीटर उंचीवर, जिथे या कणांचा मारा जास्त. ही यंत्रं कोसळली म्हणून दुखणं तरी कळलं. प्रोसेसरमधली एखादी कोअर अमुकच गुणाकार अधूनमधून चुकवते आणि कुणालाच सांगत नाही, असे प्रकार गूगल आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे मांडले.

यावरचा उपाय कुठल्याही दुकानाच्या हिशेबवहीत सापडेल. आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा वेगवेगळ्या करायच्या आणि शेवटी ताळा पाहायचा. हुआंग आणि जेकब अब्राहम यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की दोन तक्त्यांचा गुणाकार करण्याआधी एकाला स्तंभांच्या बेरजेची ओळ आणि दुसऱ्याला ओळींच्या बेरजेचा स्तंभ जोडला, तर गुणाकारात दोन्ही बेरजा आपोआप उतरतात. एखादी ओळ आणि एखादा स्तंभ जुळला नाही, तर ते जिथे छेदतात तो आकडा चुकला. बेरजेवरून तो दुरुस्तही करता येतो. यंत्र थांबवायला नको, मागे जायला नको. तक्ता मोठा होत जातो तसा या ताळ्याचा खर्च त्यामानाने नगण्य होतो. पण ही किमया सुबक बीजगणितापुरती. ढगांच्या भौतिकीत ‘जर-तर’च्या पायऱ्याच जास्त, तिथे बेरजा जुळवायला काही नाही. तिथे निसर्गाचे नियमच ताळ्याला घ्यावे लागतात: हवेचं एकूण वस्तुमान बदललं का, ऊर्जा कुठून आली? शेवटच्या अंकातली चूक त्यातून सुटते, पण ती वातावरणाच्या गोंधळात विरून जाते. घातांकातली चूक सुटत नाही, कारण तिथे वारा एका पावलात ध्वनीच्या वेगाने वाहायला लागतो आणि मॉडेल स्वतःच फुटतं. मधल्या अंकांची चूक ही सर्वांत वाईट. ती विरतही नाही आणि फुटतही नाही; अंदाज फक्त चुकतो, आणि दोष मान्सूनला दिला जातो.

सध्या या प्रश्नावर सर्वांत जास्त पैसा कृत्रिम बुद्धिमत्तेवाले ओतताहेत. मेटा कंपनीने लामा ३ हे भाषा-मॉडेल १६,३८४ प्रोसेसरांवर घडवलं, तेव्हा ५४ दिवसांत ४१९ अनपेक्षित खंड पडले. सरासरी तीन तासांना एक. विज्ञानवाल्यांनी तीस वर्षांत बनवलेले सगळे उपाय, म्हणजे स्मृतीतले चेकपॉइंट, सोबत्याची प्रत, आजारी नोडची आधीच हकालपट्टी, तिथे नव्या नावांनी वापरात आहेत. काळे यांच्या गटाचे जुने शोधनिबंध या मंडळींनी अधिक वाचले असते तर काही शोध दोनदा लावावे लागले नसते असं मला वाटतं.

हवामानातही ही लाट आली आहे. डीपमाइंडचं ग्राफकास्ट २०२३ मध्ये आलं: दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका प्रोसेसरवर, एका मिनिटाच्या आत. युरोपीय केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये असाच स्वतःचा अंदाज नेमाने सुरू केला. मिनिटभराच्या गणिताला चेकपॉइंट लागत नाही. उडालं तर पुन्हा चालवा. मग हा सगळा खटाटोप निकालात निघाला का? नाही, कारण ही मॉडेलं शिकतात ती ज्या चाळीसेक वर्षांच्या जागतिक नोंदींवर, त्या नोंदी जुन्या पद्धतीच्या मॉडेलांनीच महासंगणकांवर मोजून काढलेल्या आहेत. शिवाय ग्राफकास्टची जाळी पाव अंशाची, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटरची आहे. त्या जाळीत आंबोली आणि चंदगड एकाच, किंवा फार तर शेजारच्या चौकटीत पडतात, आणि सात हजार मिलिमीटरपासून तेराशेपर्यंतचा उतार दोन आकड्यांत संपतो. तो उतार बघायचा तर सहा किलोमीटरची, पुढे-मागे त्याहूनही बारीक जाळी लागणार, ती तासन्‌तास चालणार, आणि अर्कवर त्या तासांत एखादा नोड पडणार हे धरूनच तिचं वेळापत्रक आखावं लागणार.